करकर

नाव आम्ही निनाद ठेवलं
आणि पोराला आवाजच सोसत नाहीत.
गवंडीकाकू यावर हसल्या होत्या, एकदाच.

राजारामपुरीतल्या बाईंनी कागद दिला,
घरी रोज करायच्या गोष्टी, एक ते अकरा.
पहिलीच गोष्ट जड पांघरूण,
विकत घ्यायचं तर साडेचार हजार.
मी माळ्यावरची वाकळ काढली.
आत सासूबाईंची सात लुगडी, सासऱ्यांचं एक धोतर,
धुतली तर पिळायला दोघं लागतात.
ती अंगावर टाकली.
आधी हातांची फडफड थांबली, मग पायांची,
मग श्वास हळूहळू पोटात उतरला.
तो निजला. मी उगीच
वाकळीचे टाके मोजत बसले.

सकाळी परात. परातीत दोन शेर शाळू.
मी आत बटणं लपवते, एक रुपया लपवते,
शोध म्हणते.
तो शोधत नाही.
कोपरापर्यंत हात बुडवतो,
मूठ वर आणतो, दाणे सोडतो,
आणि कान खाली नेतो.
कागदावर 'शोधणे' लिहिलेलं,
मी ते खोडून 'ऐकणे' केलं.

म्हणजे आवाज सोसत नाहीत, हे तितकंसं खरं नाही.
कुकरची शिट्टी नको. मिक्सर नको.
मिरवणुकीतले ते भिंतीएवढे स्पीकर आले की
आम्ही गादी उभी करून खिडकीला लावतो
आणि तिघं मोरीत बसतो.
पण पाटा-वरवंटा चालतो.
मिसळीचं वाटण घेताना तो गाल भिंतीला टेकवतो,
घरघर तिथून आत घेतो.
खोबरं वाटून संपलं
तरी मी नुसताच वरवंटा ओढत राहते.

काकवी नको. बोटाला लागली तर
चाळीस वेळा पुसायची.
तिसऱ्या महिन्यात एका करंगळीला चालली, रविवारी.
सोमवारी पुन्हा नाही.
दिरांनी तालमीतली माती आणली,
तेल-ताक मुरलेली, तांबडी, लोण्यासारखी.
वास आला आणि पोरगं खोली सोडून गेलं.
माती परत तालमीत गेली.
दीर म्हणाले, असू दे वहिनी,
पैलवानांनाही पहिल्या दिवशी उमासा येतो.

ह्यांचं दुकान सुभाषनगरात.
रात्री घरी आले की त्याचे तळवे अंगठ्यानं दाबतात,
भिजवलेलं कातडं दाबून बघावं तसे,
टाचेपासून बोटांपर्यंत, सावकाश.
ह्यांच्या बोटांना बाभळीच्या सालीचा वास.
तो नाकाशी धरतो ती बोटं,
आमच्याकडे बघत नाही, बोटं सोडत नाही.

पोरासाठी ह्यांनी स्वतःची पायताणं बदलली.
दोन वर्षं रबरी सपाता घातल्या,
पायताणं करणाऱ्या माणसानं.
बाजारात लोक विचारायचे,
हे म्हणायचे, टाच दुखते.

परवा इचलकरंजीच्या गिऱ्हाइकाचा जोड घरी आणला,
दोन थरांत विंचू घातलेला, चालला की बोलणारा.
एक टाका राहिला होता.
टाका घातला, आणि विसरून,
नुसतं बघावं म्हणून, पायात घालून दोन पावलं टाकली.
करकर.
मी दाराकडे धावले, वाकळ ओढायला हात गेला.

निनाद आला.
कान झाकले नाहीत.
शहाबादी फरशीवर आडवा झाला,
एक कान खाली, एक वर,
आणि पावलांची वाट बघू लागला.
हे चुलीपर्यंत गेले. दारापर्यंत आले.
थांबले की तो फरशी थोपटायचा, दोनदा.
पुन्हा चूल. पुन्हा दार.
पावणेनऊला सुरू झालं,
दहाला भात गार झाला.

इचलकरंजीहून दोनदा फोन येऊन गेला.
हे म्हणाले, अजून थोडं काम राहिलंय, मालक,
तळ बसायचाय.

कागदावर बारावं लिहायला जागा नाही.
मागच्या बाजूला दुधाचा हिशेब आहे,
त्याच्याखाली लिहिलं.